आमची चाळ आणि समोरचा मनोरा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘चाळींची पुनर्बांधणी व स्त्रिया’ असा भारदस्त विषय दिला आहे. मी जन्मभर शाळेत मुलांना पाढे शिकवले. इमारतींच्या शास्त्रातले मला काही कळत नाही. पण वरळीच्या बी. डी. डी. चाळीत मी जन्मले, लग्न होऊन दोन चाळी ओलांडून आले आणि अजून तिथेच आहे. शिवाय आमच्या खोलीत स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये भिंत नसल्यामुळे घरातल्या पुरुषांच्या बैठकीतले सगळे बोलणे मला आपोआप ऐकू येते. तेव्हा कानावर पडलेले, वाचलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले असे मिळूनच बोलते.

आमच्या मुलांना ‘बी. डी. डी.’ ही अक्षरे तोंडपाठ आहेत, पण त्यांचा अर्थ दहातल्या नऊजणांना सांगता येत नाही. ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे त्या खात्याचे नाव. पहिले महायुद्ध संपल्यावर मुंबईत गिरण्यांची भरभराट झाली, माणसे लोंढ्याने आली आणि राहायला जागा उरली नाही. तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली हे खाते काढले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा त्यांचा संकल्प होता. पैसा उभारण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया जकात बसवली. प्रत्यक्षात वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी झाल्या. एका चाळीत तळमजला धरून चार मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीमागे ऐंशी. हिशेब केलात तर सुमारे साडेसोळा हजार खोल्या होतात. संकल्पाचा हा तिसरा हिस्सा. याच खात्याने बॅकबेचा समुद्र बुजवण्याचेही काम काढले होते. त्यात पैसा इतका बुडाला की खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी त्यावर रान उठवले. चर्चगेटच्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे, तेच हे वीर नरिमन.

आता एक गंमत सांगते. ज्या खोल्यांसाठी आज आम्ही कागदांची पुडकी सांभाळून बसलो आहोत, त्या सुरुवातीला कोणाला नको होत्या. हजारो खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या होत्या. त्या काळी वरळी म्हणजे गावाबाहेरचे ठिकाण; बाजार लांब, गिरणी लांब, आणि चाळीत शिरले की अंधार. गिरगावातल्या चाळींना बाहेरून लाकडी सज्जे असतात. तिथे उभे राहून रस्ता बघता येतो, भाजीवाल्याला हाक मारता येते. सिनेमात दाखवतात ती चाळ तीच. आमच्या चाळीला मधोमध बोळ आणि दोन्ही अंगांना खोल्या. भर दुपारीही बोळात दिवा लावावा लागतो. काँक्रीटच्या भिंती उन्हाळ्यात तापतात आणि पावसाळ्यात पाझरतात. घर असे वाटावे असे तिथे काहीच नव्हते. म्हणूनच की काय, १९३०च्या कायदेभंगात जेव्हा तुरुंग भरले, तेव्हा सरकारने वरळीच्या रिकाम्या चाळींचाच तुरुंग केला! सत्याग्रही तिथे कैदेत राहिले. तुरुंगासाठी फारसा बदल करावा लागला नसावा, हे माझे मत.

अशा या नावडत्या इमारतींना आमच्या आज्यांनी घरपण आणले. ज्यांना गिरणीत काम होते आणि दुसरीकडे जागा नव्हती, ते कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून येऊन इथे राहिले. खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे सोळा फूट लांब आणि दहा फूट रुंद. त्यातच कोपऱ्यात मोरी. संडास मजल्याचा सामायिक. एका खोलीत सात-आठ माणसे, आणि पाळीच्या वेळेनुसार झोपणारे गाववाले वेगळे. माझी आई खानावळ चालवी. सकाळच्या पाळीचे बारा डबे पहाटे चारच्या आत भरलेले असत. रात्री पाट रचून ठेवल्याशिवाय आम्हाला अंथरूण घालता येत नसे. गिरणगावात अशा खानावळवाल्या बायका हजारोंनी होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि बँकेचे कर्ज बाईच्या सहीवर मिळू शकते हे दाखवून दिले. ते सगळे उभे राहिले ते दहा बाय सोळाच्या खोल्यांत, हे मी मुद्दाम सांगते. कारण नवे घर म्हटले की आपण पलंग कुठे आणि टीव्ही कुठे एवढेच बोलतो. घरात बसून चार पैसे मिळवणाऱ्या बाईचा पाटा कुठे, हे कोणी विचारत नाही.

पुढे १९८२च्या जानेवारीत संप झाला आणि गिरण्या बंद पडल्या, ते तुम्ही जाणता. गिरण्यांच्या जागेचे काय झाले हे मात्र थोडे सविस्तर सांगते, कारण त्यात आपल्याला शिकण्यासारखे आहे. १९९१च्या नियमावलीत असे ठरले होते की गिरणीच्या जमिनीचा विकास करताना एक तृतीयांश जागा महापालिकेला मैदान-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सामान्यांच्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली नियमात बदल झाला आणि ही वाटणी गिरणीच्या पूर्ण जमिनीची न राहता आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याची झाली. जिथे जमिनीवर शेड उभ्या होत्या तिथे वाटणीला उरले किती? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००६ साली न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. लोअर परळला उतरून सभोवार पाहा. दोन-चार शब्दांनी केवढे मैदान नाहीसे होते ते तिथे दिसेल. म्हणून कागदावरचा शब्द पुरुषांनी वाचला की झाले, असे आपण समजू नये. आपणही वाचावा, आणि न कळल्यास शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्यावा.

चाळींचा प्रश्न गिरण्यांपेक्षा वेगळा आहे. चाळी सरकारच्या, भाडेकरू सार्वजनिक बांधकाम खात्याचे. मालक खाजगी नसल्यामुळे दुरुस्ती वर्षानुवर्षे कोणाच्याच जिवावर आली नाही, आणि भाडे इतके नाममात्र की त्यात दुरुस्ती होणारही नव्हती. पाडून नवे बांधण्याच्या योजना आल्या आणि गेल्या. २०१६ साली हे काम म्हाडाकडे सोपवण्याचे ठरले. २०१७च्या एप्रिलमध्ये जांबोरी मैदानावर भूमिपूजन झाले. पुढे २०२१च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या कामाचा पुन्हा शुभारंभ झाला. एकाच भूमीला दोनदा हळदकुंकू वाहिले गेले. पण यावेळी यंत्रे हलली, हेही खरे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतीतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या १२ चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्यामुळे या योजनेबाहेर राहिल्या. तिथल्या बहिणींना हळदीकुंकवाला बोलावतो तेव्हा त्या काही बोलत नाहीत, पण त्यांच्या मनात काय येत असेल ते कळते.

आता हे फुकट घर येते कुठून? आमच्या शेजारच्या वहिनींनी हा प्रश्न मला गंभीरपणे विचारला, आणि प्रश्न योग्य आहे. १६० फुटांच्या बदल्यात ५०० फूट, दोन झोपण्याच्या खोल्या, संडास-न्हाणी घरात, आणि तेही मालकी हक्काने. कोणी तरी पैसे भरतच असणार. त्याचे उत्तर असे. आमच्या चार मजली चाळी एवढी मोठी जमीन अडवून बसल्या आहेत. तेवढीच माणसे चाळीस मजल्यांत उभी रचली की बरीच जमीन मोकळी होते. त्या मोकळ्या जमिनीवर विक्रीची घरे, दुकाने, कचेऱ्या असे दुसरे मनोरे उभे राहायचे, आणि त्यांच्या विक्रीतून आमच्या मनोऱ्यांचा खर्च निघायचा. वरळीसारख्या ठिकाणी जमिनीला सोन्याचा भाव. म्हणून हा हिशेब जुळतो. माळावर जुळला नसता. म्हणजे ज्या ‘गावाबाहेर’च्या जागेला १९२५ साली कोणी विचारीत नव्हते, तीच आज आमचे घर बांधून देते आहे. यात आम्हाला कोणी भीक घातली असे मानण्याचे कारण नाही, आणि आम्ही कोणाचे लुबाडले असेही नाही. ती जमीन राहती, वापरती ठेवली ती चाळीतल्या माणसांनी.

माझ्या पुतण्याला पहिल्या खेपेत घर मिळाले. आमच्या चाळीचा क्रमांक अजून यायचा आहे. गौरीच्या आवाहनाला मी त्याच्याकडे एकतिसाव्या मजल्यावर गेले. खोटे कशाला सांगू, संडासाचे दार आतून लावल्यावर मला भरून आले. सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा बाहेर कोणी बादली घेऊन उभे नव्हते. ज्या पुरुष मंडळींना चाळीच्या जुन्या दिवसांचे फार गोड वाटते, त्यांनी गरोदर बाईने मध्यरात्री बोळ ओलांडून सामायिक संडासाला जाणे एकदा आठवून पाहावे. मुलींनी अंधाराच्या भीतीने संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडलेले मी पाहिले आहे. चाळ गेल्याचे दुःख मी करणार नाही.

पण त्याच दुपारी मला आणखी काही दिसले. पुतण्याची बायको म्हणाली, “आत्याबाई, दार लावले की दिवसभर कोणाचा आवाज येत नाही.” पहिले आठ दिवस तिला ते स्वर्गसुख वाटले. नवव्या दिवशी बाळ तापाने फणफणले आणि कोणाला हाक मारावी ते कळेना. समोरच्या दारावर नावाची पाटीसुद्धा लागली नव्हती. चाळीत मूल रडले तर तीन खोल्यांतल्या बायका जायफळ उगाळून हजर. पुतण्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या भावाला, लिफ्टचे बटण दाबायची भीती वाटते. तो खाली उतरतच नाही. ज्या माणसाने चाळीच्या पायरीवर बसून चाळीस वर्षे पेपर वाचला, तो आता खिडकीतून पेपरवाल्याएवढीच माणसे बघतो.

म्हणून मला जे मागायचे आहे ते मी मंडळापुढे मांडते. इमारतीचा सांगाडा बदलणे आपल्या हाती नाही. बाकी पुष्कळ काही आहे.

सर्वांत आधी घर कोणाच्या नावावर. आमच्याकडे खोली सासऱ्यांच्या नावावर असते, ते गेले की मुलाच्या नावावर करायची राहून जाते, आणि मुलगाही गेला की सुनेच्या हाती नुसती भाड्याची पावती उरते. वारसाची नोंद झाली नसली तर पात्रतेच्या यादीत नाव येण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. ज्या बहिणींचे हे काम अडले आहे त्यांनी लाजू नये. आणि ज्यांचे यजमान हयात आहेत त्यांनी घराच्या कागदावर दोघांची नावे लावण्याची मागणी करावी. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घरात पती-पत्नी दोघांच्या नावे घर देण्याची रीत आहे. आपण का मागू नये? ५०० फुटांचे घर वरळीत म्हणजे काय किमतीचे, हे दलाल आपल्या आधी ओळखतात. संध्याकाळी एक पेला पोटात गेल्यावर सही करणारा मनुष्य एकटाच मालक असेल, तर घर किती दिवस टिकेल? मी कोणाच्या यजमानांचे नाव घेतलेले नाही. हसू नका.

दुसरी गोष्ट महिन्याच्या खर्चाची. चाळीला लिफ्ट नव्हती, तेव्हा ती बंदही पडत नव्हती. चाळीस मजल्यांवर पाणी पंपाने चढते, लिफ्ट विजेवर चालते, जिना झाडायला माणूस लागतो, आग विझवायची नळी वर्षातून तपासावी लागते. सुरुवातीची काही वर्षे कोणी सांभाळली तरी पुढे हा भार सोसायटीवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर येणार. आमच्या मंडळाच्या भिशीचा हिशेब गेल्या कित्येक वर्षांत एका रुपयाने चुकलेला नाही. त्या वह्या ठेवणाऱ्या बायका सोसायटीच्या समितीत हव्यात. नुसती हळदीकुंकवाची समिती आम्हाला देऊ नका. खजिनदारी द्या.

आगीवरून आठवले. उंच इमारतीत काही मजल्यांवर मोकळी जागा सोडलेली असते. ती रिकामी दिसली म्हणून तिथे जुने पलंग, गणपतीची मखरे आणि सायकली रचू नका. आग लागली तर माणसांनी जमून उभे राहण्याची ती जागा आहे. चाळीतली कोणतीही रिकामी फूटभर जागा अडवायची ही आपली सवय. ती सोबत नेऊ नका.

तिसरी गोष्ट मंडळाच्या कपाटाची. तुम्हाला ती क्षुल्लक वाटेल. आपल्या मंडळाला स्वतःची खोली कधीच नव्हती. दोन शिवणयंत्रे, लेझीम, शंभर माणसांचे पातेले, सतरंज्या आणि वाचनालयाची पुस्तके तळमजल्यावरच्या एका भगिनीच्या खोलीत राहिली. तिने त्या कपाटाच्या सावलीत तीन मुले वाढवली आणि कधी तक्रार केली नाही. आता ती सव्विसाव्या मजल्यावर जाईल. तिच्या नव्या घरात शंभर माणसांचे पातेले ठेवा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि ते पातेले गेले तर मयताच्या घरी पिठले-भात कोण शिजवणार? सोसायटीच्या वापरासाठी म्हणून नकाशात जागा दाखवली जाते, पण तिची किल्ली ज्याच्याकडे, त्याचीच ती होते. तिथे कॅरमचा फळा आणि पुढाऱ्याचा फलक आधी पोहोचतो. दुपारी एक ते पाच ती खोली बायकांची, हे पहिल्याच सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला हवे. मसाला कुटणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, शिवण करणाऱ्या आमच्या बहिणींना उन्हाची गच्ची कोणत्या वेळी मिळेल तेही त्याच कागदावर.

आता एक नाजूक गोष्ट आहे. बोलू की नको, असे मला दोन दिवस वाटत होते. १९७४च्या जानेवारीत वरळीत दंगल झाली. दलित पँथरची सभा झाली, दगडफेक सुरू झाली, आणि मग महिनोन्‌महिने या चाळी धुमसत राहिल्या. मी तेव्हा पंधरा वर्षांची. गच्चीवरून येणारे दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या मी पाहिल्या. त्यानंतर चाळी आणखीच वाटल्या गेल्या. ही बौद्धांची, ही मराठ्यांची, असे मुलेसुद्धा बोट दाखवून सांगू लागली. ज्या मैत्रिणीबरोबर मी शाळेत जात होते तिच्या चाळीच्या बोळात पाय ठेवायला मला नंतर नऊ वर्षे लागली. नव्या घरांची वाटणी सोडतीने होते. यंत्राला आडनाव कळत नाही. कोणाच्या भिंतीला कोण येईल ते चिठ्ठीवर. काही बहिणी मला हळूच विचारतात, “आपल्या माणसांची मिळून अदलाबदल करता येईल का हो?” मी त्यांना सांगते, अदलाबदल करायचीच असेल तर वाटीची करा. इकडून पुरण जाऊ दे, तिकडून खीर येऊ दे. पन्नास वर्षांत जे सरकारला आणि पुढाऱ्यांना जमले नाही ते चिठ्ठीने केले आहे. आपण ते मोडायला जाऊ नये. शेजारीण कोण हे न विचारता मिळाली, हे मला तर पाचशे फुटांपेक्षा मोठे वाटते.

आणि समोर जे विक्रीचे मनोरे येतील, त्यांतही माणसे राहतील. त्यांचे फाटक वेगळे, आपले वेगळे. दुकाने झाली तर आपल्या मुलींना तिथे काम मिळेल, यात वावगे नाही. पण त्या दुकानांत गाळा घेऊन पोळीभाजी विकणारी एखादी आपली बाई असावी अशी माझी हाव आहे. पंचवीस वर्षे डबे करणाऱ्या बाईला गाळा चालवणे कठीण नाही. अनामत रक्कम कठीण आहे. त्यासाठी भिशीतून वेगळा निधी काढता येईल का, यावर कार्यकारिणीने पुढल्या बैठकीत बोलावे.

वेळ झाल्याची खूण अध्यक्षाबाईंनी दोनदा केली आहे. दाराजवळच्या टेबलावर चिटणीसबाईंनी वही ठेवली आहे. ज्यांच्या खोलीची वारसनोंद व्हायची आहे त्यांनी नाव, चाळ क्रमांक आणि खोली क्रमांक लिहून जावे. मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका आणि असेल ती सर्वांत जुनी भाडेपावती रविवारी दुपारी घेऊन या. मी आणि आमच्या दोन निवृत्त शिक्षिका बसणार आहोत. चहा मिळेल, कप मात्र ज्याचा त्याने आणावा, मंडळाचे कप कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली आज गावाला गेली आहे.